एका झेंडूसाठी पुणे

मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. नव्या माणसाला हे मी पहिल्या पाच मिनिटांत सांगते, म्हणून तुम्हालाही सांगून टाकते. वनस्पतिशास्त्रात बी.एस्सी. केलं, मग एम.एस्सी., आणि आता बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी ज्युनिअर कॉलेजात शिकवते. आमच्या प्रयोगशाळेच्या भिंतीवर जास्वंदीच्या तक्त्याशेजारी सूर्यफुलाचा तक्ता होता. रंग उडून उडून ते सूर्यफूल जळक्या भाकरीसारखं दिसायला लागलं होतं. मुलांना त्यावरून शिकवायचं असतं ते हे, की सूर्यफूल काय, शेवंती काय, झेंडू काय, आपण ज्याला एक फूल म्हणतो ते एक फूल नसतंच. एका देठावर दाटीवाटीनं बसलेली पुष्कळ बारकी फुलं असतात. मुलं हे पाठ करतात, परीक्षेत लिहितात आणि दसऱ्याला दाराला तोरण बांधताना विसरतात. कारण कुणाला ते दिसलेलंच नसतं.

मी प्राचार्यांना म्हटलं, तक्ता बदलू. झेंडूचा अगदी जवळून काढलेला मोठा फोटो लावू.

प्राचार्य म्हणाले, "शोभेचं आणाल तर माझ्या ऑफिसात लावीन, वर्गात नाही. बघून प्रश्न पडला पाहिजे. पडला, तर बाकीचे तक्तेही बदलू. नाहीतर सूर्यफूल आहेच."

तर एवढ्या एका झेंडूसाठी मी दिवाळीच्या सुट्टीत पुण्याला गेले. कॅमेरा कॉलेजचा, एरवी स्नेहसंमेलनाचे फोटो काढणारा. लेन्सच्या मागं बसवायच्या रिंगा मात्र मी स्वतः घेतल्या होत्या. त्या लावल्या की फूल मोठं दिसतं. पण त्यासाठी इतकं जवळ जावं लागतं, की फुलात आणि आपल्या नाकात जेमतेम वीतभर जागा उरते. ही वीत पुढं मला महागात पडणार होती.

कर्वेनगर

उतरले चुलतभावाकडे. तो हिंजवडीला नोकरीला. मी उठायच्या आत कंपनीची बस त्याला घेऊन जायची आणि माझं जेवण उरकल्यावर आणून सोडायची. सगळ्या मुक्कामात तो मला जास्त करून दोरीवरच्या ओल्या टॉवेलच्या रूपात भेटला. वहिनी पुण्याच्या. स्वभावानं चांगल्या, पण आमटीत गूळ, भाजीत गूळ, चटणीत साखर. आमच्याकडच्या झणझणीत येसराच्या आमटीचं मी वर्णन केलं तर त्या म्हणाल्या, "बाई गं, पोटाचं काय होत असेल." मी म्हटलं, काही होत नाही, एम.एस्सी. होतं माणूस.

फुलांचे फोटो जवळून कसे काढावेत याचं शिबिर शेजारच्याच सोसायटीच्या गच्चीवर होतं. शिकवणारे वर्तक सर. उंच, किडकिडीत, डोक्यावर कापडी टोपी. जन्मभर छापखान्यात रंगीत छपाईचं काम केलेलं, त्यामुळं रंगाबद्दल कुणाचं काही ऐकून घ्यायचे नाहीत. पहिल्या दिवशी त्यांनी एक गुलाब मांडला आणि सगळ्यांना फोटो काढायला लावला. सगळ्यांनी गुलाब बरोब्बर मधोमध घेतला.

सरांनी एकेक फोटो बघितला. "पासपोर्टला बसलाय का हा?"

मग त्यांनी समजावलं. चौकटीत फूल ठेवताना त्याला बघायला जागा द्या. फूल डावीकडे कललं असेल तर डावीकडे मोकळं सोडा, नाहीतर ते भिंतीला डोकं लावून उभं राहिल्यासारखं दिसतं. मागं काय आहे ते आधी बघा, मग फूल बघा, कारण मागची वाळत घातलेली चड्डी फुलापेक्षा आधी दिसते. एवढ्या जवळून घेताना सगळं काही स्पष्ट येणार नाही, तेव्हा काय स्पष्ट हवं ते तुम्ही ठरवा, कॅमेऱ्यावर सोडू नका. मी सगळं उतरून घेतलं. शिकवणाऱ्या माणसाला चांगलं शिकवणं लगेच ओळखू येतं.

मग मी माझे झेंडूचे फोटो दाखवले. घरी काढून आणलेले, भर उन्हात.

"हे काय, केशरी शिरा?"

खरं होतं. उन्हात कॅमेऱ्याला झेंडूचा नारिंगी रंग झेपत नाही. पाकळी पाकळीला चिकटते आणि सगळ्याचा एक गोळा होतो. त्यात हललेलंही होतं. सर म्हणाले, ऊन टाळा, सावलीचा उजेड शोधा. आणि सगळा झेंडू दाखवायचा हट्ट सोडा, त्यातलं काहीतरी एक दाखवा.

"मला शिकवायचंय सर, सजवायचं नाही. सगळं दिसायला पाहिजे."

"मग सुरी आणायची. कॅमेरा कशाला?"

बाकीचे हसले. मी त्यांना सांगितलं, की मी या विषयात एम.एस्सी. आहे.

"बरं," सर म्हणाले. "फुलाला सांगितलंत का?"

पुण्याच्या माणसाचं बोलणं कसं असतं ते ऐकून होते. प्रत्यक्ष ऐकल्यावर राग येतो आणि त्याच वेळी वाटतं, हे लिहून ठेवावं.

टेकडी

दुसऱ्या दिवशी सरांनी आम्हाला सकाळी टेकडीवर नेलं. आमच्याकडे डोंगरावर माणूस जातो तो गुरांमागं, सरपणाला, नाहीतर देवाला. इथं लोक नुसते वर जातात आणि खाली येतात. पायात पांढरे बूट, हातात काठी, आणि एकमेकांना वाटेत "काय, आज उशीर?" म्हणतात.

गवत वाळायला लागलं होतं. त्यात शर्टाच्या बटणाएवढं एक जांभळं फूल दिसलं. सरांचा धडा होता, की उभ्यानं फुलाच्या डोक्यावर फोटो काढू नका, त्याच्या उंचीला जा. मी सरळ पालथी झोपले, एक डोळा मिटला आणि वारा थांबायची वाट बघत पडून राहिले. वारा काही थांबेना. मग वरून आवाज आला.

"साखर कमी झालीये का बघा आधी. कुणाकडे गोळी आहे का?"

मान वळवली तर भोवती पांढऱ्या बुटांचं रिंगण. एका आजींनी पाण्याची बाटली काढली होती. मी म्हटलं, मी ठणठणीत आहे, फुलाचा फोटो काढतेय. सगळ्यांनी वाकून ते फूल बघितलं. आजी म्हणाल्या, "एवढ्याशासाठी? मला वाटलं चांगलं काहीतरी झालंय." आणि बाटलीचं झाकण लावून निघून गेल्या.

जांभळ्या फुलाचा फोटो बरा आला, पण तोही किंचित हललेला. गच्चीवर परत येऊन झेंडूवर पुन्हा प्रयत्न केला. तिथं वारा नव्हता, कॅमेरा तिपाईवर होता, तरी हललेलाच. सर फोटो बघून म्हणाले, "वारा नाही, कॅमेरा घट्ट, मग हलतंय कोण?" मी तिपाईचे स्क्रू आणखी आवळले. शिबिरात हिंजवडीचा एक मुलगा होता, निनाद, त्याच्याकडे खास जवळच्या फोटोंची भारी लेन्स होती. "मॅडम, माझी ट्राय करून बघा ना, इट्स ओके." मी नाही म्हटलं. उसन्या लेन्सनं काढलेला फोटो भिंतीवर रोज बघणं मला जमलं नसतं.

मार्केट यार्ड

चांगला झेंडू हवा तर मार्केट यार्डात जा, असं वहिनींनी सांगितलं. पहाटेच गेले. आमच्या गावात झेंडू दसरा-दिवाळीला पोत्यातून येतो आणि सणाबरोबर संपतो. इथं रोज दसरा. झेंडूचे ढीग, त्यांना लागून पिवळ्या शेवंतीचे, पुढं जांभळ्या अॅस्टरचे. गोणपाटावर पाणी मारलेलं, खाली चिखल, आणि त्या चिखलातही पाकळ्या.

रंगाचा जो धडा गच्चीवर नुसता ऐकला होता तो इथं जमिनीवर पसरला होता. तोच झेंडू पिवळ्या शेवंतीशेजारी विटकरी, जुना वाटत होता. चार पावलं पुढं जांभळ्या अॅस्टरशेजारी तोच पेटल्यासारखा दिसत होता. मी मागं-पुढं जाऊन दोनदा खात्री करून घेतली. फूल बदलत नव्हतं, शेजार बदलत होता. सासरी गेल्यावर मुलगी वेगळी दिसते तसं काहीतरी. सरांना हे सांगितलं तर ते म्हणाले, उदाहरण बरं आहे, पण अॅस्टरला सासू म्हणू नका.

तिपाई लावली, वाकले, तोवर "बाजू, बाजू" करत एक हमाल डोक्यावर करंडी घेऊन आला आणि तिपाईसकट मी शेवंतीत बसले. ढिगाच्या मालकानं नुसतं माझ्याकडे बघून ढीग पुन्हा सारखा केला, आणि ते बोलण्यापेक्षा वाईट होतं.

शेजारी झेंडू निवडत एक बाई बसल्या होत्या. पन्नाशीच्या, डोक्यावरून ओढणी, हातात लोखंडी कडं. एकेक झेंडू देठाजवळ चेपून बघत होत्या. त्या म्हणाल्या, "इथं तुडवतील तुम्हाला. फोटोच काढायचा तर दुकानावर या. सावलीत बसून काढा."

त्या मेहरूनआपा. पेठेत त्यांचं हारांचं दुकान, सासऱ्याच्या आधीपासूनचं. देवळांचे हार, लग्नाचे सेहरे, दर्ग्यावरची फुलांची चादर, सगळं त्यांच्याकडून जातं.

पेठेतली सावली

दुकान म्हणजे एक फळी आणि तिच्यामागं दोन माणसांना पुरेल इतकी जागा. गल्ली अरुंद, दोन्हीकडे उंच इमारती, त्यामुळं ऊन कधी खाली पोचत नाही. पण आभाळाचा मऊ उजेड वरून सारखा उतरत राहतो. आपांनी चहा मागवला, खारी दिली आणि स्वतः निशिगंध गुंफायला बसल्या. फळीवर झेंडूची एक टोपली होती. एकसारखे, टपोरे, पाणी निथळलेले. मी टोपलीवर वाकले आणि एक फोटो काढून पाहिला.

शिरा नव्हता. पहिल्यांदा पाकळी पाकळीपासून सुटी दिसली. हललं होतं, पण रंगाचा गोळा झाला नव्हता. मी आणखी जवळ गेले, आणखी वाकले.

"फुलांचा वास घेताय आपण?"

फळीपलीकडे एक आजोबा उभे होते. धोतर, कोट, हातात वेताची पिशवी. गल्लीच्या टोकाच्या देवळाचा संध्याकाळचा हार रोज तेच नेतात हे मला नंतर कळलं. नाव सहस्रबुद्धे.

मी म्हटलं, "नाही, फोटो काढतेय."

"फोटो डोळ्यानं काढतात असं ऐकून होतो. नाक टोपलीत होतं म्हणून विचारलं."

हुंगलेलं फूल देवाला चालत नाही, हे मला कुणी सांगायला नको होतं. लहानपणी जास्वंदीशी नाक नेलं की आईचा हात आलाच, "हुंगू नको, देवाचं हाय ते." पण कॅमेऱ्याआडून बघताना आपलं नाकही तिथंच असतं, हे डोक्यातच आलं नव्हतं. तरी मी मागं हटले नाही. मी त्यांना सांगितलं, की वास म्हणजे फुलातून आपोआप उडून जाणारे कण, आपण ते घेतले काय न घेतले काय, फूल तेवढंच राहतं. मी एम.एस्सी. आहे.

"असं," आजोबा म्हणाले. "मग प्रसादाचा पेढा आधी आपणच चाखत असाल. पेढाही जवळजवळ तेवढाच राहतो."

मी पुन्हा झेंडूकडे वळले, तर टोपली फळीवर नव्हती. आपांनी ती न बोलता उचलून मागं ठेवली होती आणि पोत्यातून दुसरे झेंडू काढायला घेतले होते.

आजोबा म्हणाले, "मी काही म्हटलं नाही हं, मेहरूनबाई."

"तुम्ही म्हणायची वाट बघत बसले तर दुकान कसं चालायचं?" आपा म्हणाल्या. "ती टोपली आता दारावरच्या तोरणांना. देवाचा हार यातला."

मी म्हटलं, "आपा, मी खरंच वास घेतला नाही."

"माहिती आहे मला. पण गल्लीनं बघितलं ना तुम्हाला वाकलेलं. आमच्याकडचा हार देवळात जातो तो शंका नाही म्हणून जातो. आम्ही मुसलमान, देव त्यांचा. त्यात जरा पण शंका आली, तर मग काय राहिलं?" हे त्यांनी रागानं सांगितलं नाही. दोरा दातानं तोडत, हवेबद्दल बोलावं तसं सांगितलं. "दर्ग्याची चादर असली तरी हेच. हुंगलेलं फूल पिराला पण नाही."

मी कॅमेरा पिशवीत घातला आणि चहाचा कप विसळून ठेवला. माझं शास्त्र चुकीचं नव्हतं. पण त्या फळीवर ते कुणी विचारलं नव्हतं.

त्या दिवशी वहिनींची गोड आमटी मी मुकाट्यानं खाल्ली. शिबिराचा एकच दिवस उरला होता. सावलीचा उजेड पुण्यात दुसरीकडे मिळाला नसता असं नाही. पण माझ्यामुळं ज्यांची टोपली मागं गेली, त्यांना तोंड न दाखवता गावी परतायचं माझ्या जिवावर आलं. आणि खरं सांगते, त्या उजेडाची हावही होती.

सकाळी पुन्हा गेले. आपा म्हणाल्या, "या. आज टोपलीवर नाही वाकायचं. तुमचा झेंडू मी वेगळा देते, हाराचा नाही. आणि हे बांधा." त्यांनी माझीच ओढणी घेतली, नाकातोंडावरून गुंडाळली आणि मागं गच्च गाठ मारली. "सासूबाई हार गुंफताना असंच बांधायच्या. फुलावर थुंकी नको म्हणून."

"श्वास कुठून घेऊ?"

"घ्यायचा तर बाजूला होऊन घ्या. फुलासमोर कशाला?"

फळीच्या टोकाला एक ओलं गोणपाट, त्यावर माझा एक झेंडू. मागचा रंग कसा शांत हवा ते मार्केट यार्डानं शिकवलं होतं. ओलं गोणपाट काळपट तपकिरी, नारिंगीशी भांडत नव्हतं. मी बघून घेतलं, फोटो काढला, पडद्यावर मोठा करून पाहिला, आणि दुकानात उभी होते ते विसरून फळीवर बसले.

हललेला नव्हता. प्रत्येक बारक्या फुलाची कड सुरीनं कापल्यासारखी स्वच्छ. इतके दिवस वारा नसताना झेंडू हलत होता तो माझ्या श्वासानं. एवढ्या जवळून मी त्याच्यावर फुंकर घालत होते आणि दोष तिपाईला देत होते.

मी ओढणीतून हे आपांना सांगितलं. त्यांना कळलं नाही, गाठ घट्ट होती. सोडून पुन्हा सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग आधीच बांधायचं होतं."

मग मी जे काढायचं होतं ते काढलं. एक अख्खा झेंडू, सगळी फुलं स्पष्ट, चौकट भरून. माझ्या मनासारखा. तो झाल्यावर सहज, पिशवीतल्या प्रयोगशाळेच्या चिमट्यानं मधलं एक बारकं फूल धरून अर्धंच वर ओढलं. ते तसंच उभं राहिलं, बाकीच्यांच्या डोक्यावर. त्याची निमुळती नळी, वरची एकुलती एक पाकळी, पाकळीच्या बुडाशी डोकावणारी स्त्रीकेसराची दुभंगलेली जीभ. सरांचं बोलणं आठवून फोकस त्या एकावर धरला, त्याला चौकटीच्या मध्यापासून बाजूला घेतलं, आणि बाकी झेंडू मागं नारिंगी धुक्यात जाऊ दिला. फूल जिकडे कललं होतं तिकडे मोकळं सोडलं.

सहस्रबुद्धे हार न्यायला आले तेव्हा मी पुन्हा तोंड बांधून बसले होते. त्यांनी बघितलं, पिशवी पुढं केली. "आज एम.एस्सी. गप्प आहेत," ते आपांना म्हणाले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "दाखवा तरी, एवढं काय काढलंत."

मी कॅमेरा पुढं केला. त्यांनी चष्मा वर केला, बराच वेळ बघितलं. "हे कुठलं फूल?"

"झेंडूच."

"छे," आजोबा म्हणाले आणि हार घेऊन गेले.

गच्ची, आणि परत

त्याच रात्री, शिबिराच्या शेवटी, सगळ्यांचे फोटो भिंतीवर मोठे करून दाखवले. माझ्या अख्ख्या झेंडूवर सर म्हणाले, "स्वच्छ. आता यावर बाण काढा आणि नावं लिहा." दुसऱ्यावर मात्र पुढं जायचं बटण दाबायला त्यांना वेळ लागला. निनादनं विचारलं, "मॅडम, कोणती लेन्स?" मी म्हटलं, ओढणी. त्याला वाटलं पुणेरी बोलायला शिकले.

पुण्याबद्दल एवढं सांगते. आमच्याकडे माणूस चुकलं की लोक ओरडतात, मग जेवायला बसवतात. तिथं ओरडत नाहीत, एक वाक्य बोलतात, आणि ते वाक्य घेऊन आपल्याला गावी यावं लागतं. पण नियम सांगताना समोरच्याचं शिक्षण किती हे बघत नाहीत. मला ते आवडलं, आवडायला वेळ लागला तरी.

सुट्टी संपल्यावर दोन्ही फोटो मोठे छापून प्राचार्यांच्या टेबलावर ठेवले. काही बोलायचं नाही असं मी ठरवून गेले होते, कारण मी समजावून सांगितलं असतं तर प्रश्न पडायचा राहून गेला असता.

अख्ख्या झेंडूकडे बघून ते म्हणाले, "छान आहे. हा ऑफिसात लावू."

मग त्यांनी दुसरा उचलला. दूर धरला, जवळ घेतला. खिडकीशी नेला.

"हे वर काय आलंय?"

"फूल आहे, सर."

"कशाचं?"

"झेंडूचं."

"मग खाली आहे तो?"

"तीही फुलं. ह्याच्यासारखीच. मी एकच वर ओढलंय."

टेबलावरच्या फुलदाणीत दिवाळीतला एक सुकलेला झेंडू होता. तो त्यांनी घेतला, बोटांनी चुरून मधला एक काडीसारखा तुकडा वेगळा काढला, तळहातावर ठेवून चष्म्याखालून बघितला. पस्तीसेक वर्षं इतिहास शिकवलेला माणूस. तळहात न हलवता त्यांनी शिपायाला हाक मारली.

"प्रयोगशाळेतलं ते सूर्यफूल काढ. खिळा तोच राहू दे, भिंतीचे पोपडे निघतात. आणि मॅडमना विचार, दुसरा तक्ता कुठला काढायचा."

मॅडम समोरच उभ्या होत्या. शिपायानं मला विचारलं. मी म्हटलं, जास्वंदीचा काढ.